गाडी खाली बसत नाही

सिस्टरांच्या गाडीत मी पहिल्यांदा बसले तेव्हा माझ्या नाकासमोर ‘माहीत नाही’ असं लिहिलेलं होतं. दवाखान्यात जखमेवर लावतात त्या पांढऱ्या चिकटपट्टीचा बोटभर तुकडा, आणि त्यावर निळ्या बॉलपेननं, सुवाच्य अक्षरात: माहीत नाही. शेजारच्या बटनावर ‘पंखा, बहुधा’. त्याखाली ‘पाय गरम होतात’. एका गोल चकतीवर ‘फिरवून उपयोग नाही’. आणि स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला, लाल पेननं, ‘याला हात लावायचा नाही’.

“याला हात लावला तर काय होतं?” मी विचारलं.

“तेच तर कळलं नाही. पण काहीतरी झालं खरं. त्या दिवसापासून ही बाई कुठल्या भाषेत बोलते ते समजत नाही.”

त्यांनी गाडी सुरू केली. आतून एका बाईचा गोड, जरा झोपाळू आवाज आला. दोन-तीन वाक्यं बोलली ती. मराठी नाही, हिंदी नाही, इंग्रजी तर नाहीच. तिचं बोलणं संपेपर्यंत सिस्टरांनी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “हो, हो.” मग मला म्हणाल्या, “उत्तर दिलेलं बरं. कोण जाणे काय विचारत असेल.”

मी त्यांची भाडेकरू. नाशकात एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला नुकतीच लागले होते. पेठ रोड आणि दिंडोरी रोडच्या मधल्या एका कॉलनीत त्यांचं दुमजली घर होतं. खालच्या दोन खोल्या माझ्याकडे, वर त्या आणि त्यांचे यजमान, म्हणजे काका. निवृत्त झाल्या तेव्हा त्या दवाखान्यात मेट्रन, सगळ्या नर्सांच्या वरच्या, होत्या, पण भाजीवाल्यापासून शेजारच्या वकिलांपर्यंत सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. मी एकदा ‘मावशी’ म्हणून पाहिलं. त्या म्हणाल्या, “मावशी आमच्याकडे वॉर्डात फरशी पुसायला असायच्या. फार चांगल्या होत्या. पण मी ती नव्हे.”

साडीवर खांद्यापाशी त्या अजून उलटं घड्याळ लावत. चहा पूर्ण गार झाल्याशिवाय पीत नसत. ड्यूटीवर कधी गरम मिळालाच नाही, आता गरम प्यायला की पोटात दुखतं, असं त्यांचं म्हणणं. कुणाशीही बोलायला सुरुवात करण्याआधी त्या त्याचं मनगट धरत, घड्याळाकडे बघत, आणि सोडून देत. काय आढळलं ते कधी सांगत नसत. मी फारच मागे लागले तर म्हणत, “चालू आहे.”

गाडी चालवायला त्या निवृत्तीनंतर शिकल्या होत्या. वळण आलं की इंजेक्शन देताना बोलतात त्या आवाजात सांगत, “आता डावीकडे वळतेय हं. थोडंसं हलेल.” हे गाडीला सांगत की आतल्या माणसांना, ते मला कधी कळलं नाही. हॉर्न त्या वाजवत नसत. सगळी नोकरी दवाखान्यात काढल्यावर हॉर्नच्या आवाजानं कपाळ उठतं, म्हणत. रविवार कारंजावर केळीच्या हातगाडीमागे ती अवाढव्य काळी गाडी मुंगीच्या पावलानं चाललेली असे आणि सिस्टर काच खाली करून म्हणत असत, “सावकाश जा दादा, मी आहे मागे.”

आणि गाडी तरी कसली! परदेशी बनावटीची, आलिशान, छताला काच, बसायला चामड्याच्या खुर्च्या. सेकंडहँड होती, पण कॉलनीतल्या बाकीच्या गाड्या तिच्याशेजारी खेळण्यातल्या वाटायच्या. चिकटपट्टी पुरवून पुरवून वापरणाऱ्या, कापडी पिशवीला ठिगळ लावणाऱ्या या बाईनं हे धूड का आणलं असेल? कॉलनीत तर्क चालत. कुणी म्हणे माहेरची जमीन विकली, कुणी म्हणे डोक्यावर परिणाम झाला. मलाही उलगडा होत नव्हता. त्यातून त्यांचं वागणं असं, की इंजिनाचा पिवळा दिवा लागला तरी त्यांना काही वाटत नसे, एसी बंद पडला तर काच उघडत. रोज सकाळी अंगणात येऊन एकच बटन दाबत, दोन पावलं मागे सरून कमरेवर हात ठेवून गाडीकडे बघत, आणि मान हलवत. “आजही नाही बसली.”

“कोण नाही बसली?”

“गाडी. अगं, ही गाडी खाली बसते. बसायला पाहिजे.”

मला वाटलं, कॉलनीवाल्यांचा दुसरा तर्कच खरा.

काका एसटीत ड्रायव्हर होते. जवळजवळ सगळी नोकरी नाशिक–पेठ रस्त्यावर. उंच, धिप्पाड माणूस. बायकोला कौतुकानं ‘शिष्टर’ म्हणायचे, असं शेजारचे सांगत. मी राहायला गेले त्याच्या आधीच त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही बरंचसं गेलं होतं. थोडे शब्द उरले होते, पण हवा तो शब्द हव्या त्या वेळी येत नसे. पाणी पाहिजे असलं की ‘चप्पल’ म्हणायचे. मग आपलंच चुकलं हे कळून तोंड फिरवायचे. त्यामुळे त्यांचा शब्द कुणी शब्दशः घेत नसे, सिस्टरसुद्धा.

एकदा व्यायामाच्या दवाखान्यातून परत येताना रिक्षातून उतरताना ते पडले. गेटसमोर, भर रस्त्यात, चार माणसांनी उचलावं लागलं. त्या दिवसानंतर त्यांनी जिना उतरला नाही. शेजारच्या वकिलांची कार बुटकी, काकांचे गुडघे त्यात मावेनात. जीप उंच, तिच्यावर पाय चढेना. अँब्युलन्सचं नाव काढलं तर काका स्वच्छ ‘नाही’ म्हणाले. तेवढा शब्द त्यांना कधी चुकला नाही. सकाळी गॅलरीत खुर्चीवर बसत ते अंधार पडेपर्यंत.

हे सगळं मला सिस्टरांनी गाडीच्या चाकाशी उकिडवं बसून सांगितलं. “एका मोठ्या डॉक्टरांची आई दवाखान्यात तपासून घ्यायला आली होती. पोर्चमध्ये गाडी थांबली आणि खाली बसली गं! म्हैस बसते तशी, सावकाश, उसासा टाकून. म्हातारी नुसती मागं टेकली आणि आत गेली. पाय उचलायचं कामच नाही. मी तिथंच ठरवलं.” मग त्यांनी पुण्याच्या एका दलालाकडून ही गाडी शोधून आणली. निवृत्तीचं आलेलं त्यातच गेलं. दलालाच्या अंगणात गाडी शहाण्यासारखी बसली, उठली. नाशकात आली, काका गॅलरीतून बघत असताना एकदा बसली, आणि त्यानंतर बसायचं नावच घेईना.

त्या गाडीत बिघाड कुठला आणि सोय कुठली हेच कळत नसे. मागे घेताना डावा आरसा आपोआप खाली झुकायचा. सिस्टरांनी तो बिघाड समजून अंबडच्या मिस्त्रीला दाखवला. तो हसला. म्हणाला, “मॅडम, ये तो फीचर है, फुटपाथ दिसावा म्हणून.” गाडी बंद केली की खुर्ची आपणहून मागे सरकायची, तीही म्हणे सोय. उलट पावसाळी हवेत मागची काच पुसणारा दांडा रात्रंदिवस फिरत राहिला, ती सोय असेल म्हणून त्यांनी आठवडाभर फिरू दिला, तर तो बिघाड निघाला. दर दोन-चार दिवसांनी बॅटरी उतरायची. नवी घातली, तीही उतरली.

गाडी बसत का नाही याबद्दल अंबडचा मिस्त्री म्हणाला, हवा भरणारा कंप्रेसर गेला. द्वारका चौकातला इलेक्ट्रिशियन म्हणाला, वायरिंग. मोठ्या वर्कशॉपमधला टाय लावलेला मुलगा म्हणाला, पूर्ण कॉम्प्युटरच बदलावा लागेल.

“तीन डॉक्टर, तीन आजार,” घरी आल्यावर सिस्टर म्हणाल्या, “आणि पेशंटच्या अंगाला कुणी हात लावला नाही. आधी बघायचं, मग ऐकायचं, मग हात लावायचा. औषध सगळ्यात शेवटी.”

मग त्यांनी स्वतःच तपासणी सुरू केली. ट्रंकेतून स्टेथोस्कोप काढला आणि चाकाच्या वरच्या पत्र्याला लावला. कंप्रेसर गुरगुरतो म्हणजे जिवंत आहे, हा निष्कर्ष. माझ्या प्रयोगशाळेच्या शिस्तीला त्या दिवसांत बराच ताण पडला. मी साबणाचं पाणी करून दिलं, ते त्यांनी काकांच्या दाढीच्या ब्रशनं चारही चाकांजवळच्या, गाडीला हवेवर तोलणाऱ्या रबरी फुग्यांना लावलं. कुठं बुडबुडा आला नाही. “फुप्फुसं चांगली आहेत,” त्या म्हणाल्या. मी मोबाईलवर गाडीचं पुस्तक शोधून वाचून दाखवलं: गाडी उभी हवी, इंजिन चालू हवं, सगळी दारं बंद हवीत, तरच ती खाली बसते. आम्ही दोघींनी एकेक दार तळव्यानं दाबून बघितलं. सगळी बंद. मी दोनदा दाबली.

“मग बसत का नाही?” मी म्हणाले.

“मनात नसेल,” सिस्टर म्हणाल्या. हे त्या गंभीरपणे म्हणाल्या की कसं, देव जाणे.

त्यांचा एक नियम होता, तो त्या मला वरचेवर ऐकवत. कारण कळल्याशिवाय ताप उतरवायचा नाही, लक्षण दाबायचं नाही. पण मागच्या खुर्चीवर छतातला एक बारीक दिवा सारखा चालू राहायचा. संध्याकाळी चालवताना आरशातून डोळ्यावर येतो म्हणून त्यांनी त्यावर चिकटपट्टी लावून टाकली. समोरच्या काचेखाली लाल-पिवळ्या खुणांची एक रांग पेटलेली असायची, तिच्यावरही एक आडवी पट्टी. “नातेवाईकांनी एवढं सगळं बघायचं नसतं,” म्हणाल्या. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

थंडी सुरू झाली होती. दिवस लवकर कलायचा. त्या संध्याकाळी मी वर काकांजवळ बसले होते आणि सिस्टर खाली टॉर्च घेऊन चाकाखाली डोकावत होत्या. काका कठड्यावर डावा हात टेकून खाली बघत होते.

“दार,” ते म्हणाले.

हे कित्येक दिवस चाललं होतं. कातरवेळ झाली की काका ‘दार, दार’ सुरू करायचे. आम्ही उठून जिन्याचं दार लावायचो. तरी म्हणायचे. गॅलरीचं लावलं तर चिडायचे. अशा पेशंटना संध्याकाळी अस्वस्थ होतं, घर बंद करून हवं असतं, असं सिस्टरांनी निदान केलं होतं. त्यांना ऐकू जावी म्हणून त्या कडी मुद्दाम जोरात लावायच्या.

“दार,” काका पुन्हा म्हणाले आणि बोट खाली दाखवलं.

“सिस्टर, गेट लावा!” मी वरून ओरडले.

त्यांनी गेट लावलं. काकांनी मान जोरजोरात हलवली.

“लावलंय हो!” सिस्टर खालून म्हणाल्या.

काकांचं तोंड वाकडं झालं, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. पुष्कळ वेळानं एक नवा शब्द बाहेर आला. “मागचं.”

“सिस्टर, मागचं दार म्हणतायत!”

सिस्टर घरात शिरल्या. स्वयंपाकघरातून मोरीकडे गेल्या. मागच्या दाराची कडी वाजली, तशाच त्या परत अंगणात आल्या. “मागचंही लावलं!”

काकांनी कठड्यावर मूठ आपटली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी घाबरले. मला वाटलं, पुन्हा झटका येतोय. त्यांनी श्वास घेतला आणि म्हणाले, “दिवा.”

अंधारून आलंच होतं, मी गॅलरीतला दिवा लावायला उठले. तेव्हा त्यांनी माझं मनगट पकडलं. एवढा जोर त्या हातात असेल असं मला वाटलं नव्हतं. माझा हात त्यांनी ओढून कठड्याबाहेर काढला आणि माझ्याच हातानं खाली दाखवलं. मी पाहिलं. गाडीच्या छताच्या काचेतून मागची खुर्ची दिसत होती, आणि तिच्या डाव्या अंगावर फिकट पिवळा उजेड पडला होता. पट्टीखालून गळणारा. बाजूच्या काचा काळ्या, त्यामुळे खालून तो कुणालाच दिसत नसे. फक्त वरून दिसे, आणि वर फक्त काका असत.

“सिस्टर,” मी म्हणाले, “गाडीत दिवा चालू आहे.”

“तो विझतच नाही. म्हणून तर पट्टी लावली.”

“काका गाडीचं डावं दार म्हणतायत. मागचं.”

सिस्टर गाडीला वळसा घालून डाव्या मागच्या दाराशी गेल्या. हात ठेवला. दार बंद होतं. त्यांनी ते उघडलं, लावलं. वरून बघत मी म्हणाले, “अजून आहे.” पुन्हा उघडलं, आपटलं. “आहे.” मग त्यांनी पदर खोचला आणि कमरेनं दाराला असा काही धक्का दिला की सबंध गाडी हलली.

उजेड गेला.

काका म्हणाले, “हं.”

सिस्टरांनी पुढचं दार उघडून इंजिन सुरू केलं, बाहेर येऊन ते दार लावलं, आणि उघड्या काचेतून हात घालून बटन दाबलं. क्षणभर काही नाही. मग ती काळी गाडी सावकाश, आधी मागून, मग पुढून, उसासा टाकत खाली बसली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं येऊन त्या दाराच्या कुलपातला हरभऱ्याएवढा एक स्विच बदलला. दार लागलेलं असलं तरी गाडीला ते उघडंच वाटत होतं. म्हणून दिवा जळायचा, म्हणून बॅटरी उतरायची, म्हणून ती बसायची नाही. पण हे सगळं दुसऱ्या दिवशीचं. त्या संध्याकाळी गाडी बसली तेव्हा मी वरून टाळ्या वाजवल्या. सिस्टरांनी वर पाहिलंसुद्धा नाही. त्या पायरीवर बसून राहिल्या. मग वर आल्या, काकांसमोर स्टूल ओढून बसल्या.

“कधीपासून दिसत होतं तुम्हाला?”

काकांनी तोंड उघडलं. “चप्पल,” ते म्हणाले, आणि कसनुसे होऊन तोंड फिरवायला लागले.

सिस्टरांनी त्यांची हनुवटी धरून चेहरा पुन्हा आपल्याकडे वळवला. “हो,” त्या म्हणाल्या. “चुकलं माझं.” मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “वॉर्डात पोरींना मी ओरडायचे. पेशंट बडबडत नसतो, सांगत असतो. आणि घरात कड्या लावत बसले.”

नंतर एका सकाळी आम्ही काकांना खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली आणलं. मी, वकील आणि वकिलांचा भाऊ. गाडी खाली बसवून, डावं पुढचं दार उघडून, खुर्चीवर धुतलेली चादर घालून सिस्टर उभ्या होत्या. काका काठी टेकत उभे राहिले. त्यांनी गाडीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि पुढून वळसा घालून उजव्या बाजूला निघाले.

“अहो, इकडे. ही बाजू.”

“नाही.”

“तुम्हाला चालवता येणार आहे का आता?”

काका ड्रायव्हरच्या दाराशी उभे. पाय थरथरत होते. सिस्टरांनी आमच्याकडे पाहिलं, मग किल्ली पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि त्यांना त्या बाजूनं आत बसवलं. उजवा पाय उचलून आत ठेवावा लागला. आत बसल्यावर काकांनी डावा हात आधी स्टिअरिंगवर ठेवला, मग गिअरकडे नेला, मग समोर पाहिलं. चिकटपट्ट्या दिसल्या. ‘माहीत नाही’ त्यांनी ओठ हलवून वाचलं आणि हसले. त्यांचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. घोगरं, मोठं. मग त्यांनी तळवा स्टिअरिंगच्या मधोमध दाबला. आमच्या कॉलनीनं त्या गाडीचा हॉर्न तोवर ऐकला नव्हता. माणसं दारात आली.

मला वाटलं, आता खाली उतरवून पलीकडे बसवतील आणि निघतील. पण सिस्टर स्वतःच डावीकडच्या धुतलेल्या चादरीवर जाऊन बसल्या. तासभर दोघं अंगणात उभ्या गाडीत बसले. कुठं गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीही तसंच खाली आणलं, तसेच बसले. तिसऱ्या दिवशी सिस्टरांनी माझ्याकडे चहा मागितला, दोन कप, एक गरम. असे कितीतरी दिवस गेले. मला काही कळेना. एवढी गाडी आणली, एवढा जीव काढला, आणि ती गेटबाहेर निघत नाही. मी सिस्टरांना म्हणाले, “त्यांना समजावून सांगा ना, की डावीकडे बसलं तर फिरता येईल.”

“काय समजवायचं? त्यांना माहीत नाही का?”

“मग?”

“मग काय. बसलेत.”

एका रविवारी खाली आल्यावर काका आपणहून डाव्या दाराशी जाऊन थांबले. कुणी काही म्हटलं नव्हतं. सिस्टरांनी गाडी सुरू केली. बटन दाबलं. मी मागे बसले, पडले-झडले तर हाताशी माणूस असावं म्हणून.

पेठ रोडला लागलो. सिस्टर वळणावळणाला “वळतेय हं” म्हणत होत्या. शहर मागे पडलं, द्राक्षांच्या बागा लागल्या. काका समोर बघत होते. एकाएकी ते म्हणाले, “आशेवाडी.”

स्वच्छ. प्रत्येक अक्षर जागच्या जागी. ज्या माणसाला पाणी मागता येत नव्हतं त्याच्या तोंडून.

सिस्टरांनी गाडी हळू केली, कडेला घेतली आणि थांबवली. मला वाटलं, त्यांना हुंदका आला असेल. पण त्या शांत होत्या. नुसत्या थांबल्या होत्या.

“का थांबलो?” मी विचारलं.

“आशेवाडी आली ना.”

थोड्या वेळानं काका म्हणाले, “हं.” गाडी निघाली.

मग उमराळे आलं. काकांनी नाव घेतलं, सिस्टर थांबल्या, काका “हं” म्हणाले, सिस्टर निघाल्या. लहानसहान फाटे, पाड्यांचे थांबे, ज्यांच्या पाट्यासुद्धा मला दिसल्या नाहीत, त्यांचीही नावं ते गाडी पोचायच्या जरा आधी घ्यायचे. एका फाट्यावर गाठोडं घेतलेली एक म्हातारी झाडाखाली उभी होती. एवढी मोठी गाडी समोर थांबलेली बघून ती आधी बिचकली, मग काचेशी आली.

“पेठला चाललं का, बाई?”

सिस्टरांनी काकांकडे पाहिलं. काकांनी मान हलवली. बटन दाबलं, गाडी खाली बसली, आणि म्हातारी गाठोड्यासकट माझ्या शेजारी आली. चामड्यावर हात फिरवून म्हणाली, “लय मऊ हाय.” त्याच वेळी गाडीतली ती बाई काहीतरी बोलली. म्हातारीनं मला विचारलं, “काय म्हनती?”

“माहीत नाही,” मी म्हणाले.

घाटात सिस्टरांचं “वळतेय हं” सुरू झालं तेव्हा काकांनी डावा हात वर करून त्यांना गप्प केलं. वळण यायच्या आधी काकांचा तळवा मांडीवर किंचित आडवा व्हायचा आणि सिस्टर त्या हाताकडे बघून वेग कमी करायच्या. एवढी चांगली गाडी चालवताना मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही. करंजाळी गेली. पेठच्या स्टँडबाहेर म्हातारी उतरली. काकांना उतरायचं नव्हतं. आत लागलेल्या लाल गाड्यांकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग म्हणाले, “हं.” आणि आम्ही परत फिरलो. येताना सगळी नावं उलट्या क्रमानं आली.

त्यानंतर ते दोघं पुष्कळदा गेले. कधी मी असायची, कधी नसायची. घरी काकांचे शब्द सुधारले नाहीत. पाणी शेवटपर्यंत चप्पलच राहिलं. पण चप्पल म्हटल्यावर सिस्टर आता आधी विचारायच्या, “चप्पल की पाणी?” आणि ते कोणतं याचं उत्तर मानेनं यायचं. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी, दुपारच्या झोपेत काका गेले.

मला वाटलं, आता ती गाडी अंगणात उभी राहील आणि सिस्टर रोज जाऊन तिच्यात बसतील. मी तसंच केलं असतं. पण दहावं-बारावं आटोपलं आणि दिंडोरीकडचा एक बागाईतदार गाडी बघायला आला. त्यानं गाडी बसवून बघितली, उठवून बघितली, “भारी हाय,” म्हणाला आणि घेऊन गेला. सिस्टर गेटपर्यंतही गेल्या नाहीत.

मला राग आला. खरं सांगायचं तर रडू आलं. “इतक्यात का विकलीत?” मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मला प्रश्नच समजला नसावा असं. “पेशंट गेला की खाट रिकामी करायची असते,” त्या म्हणाल्या, आणि गॅलरीतली खुर्ची धुवायला घेतली.

त्यानंतर काही दिवसांनी सकाळी त्यांनी मला स्कूटरवरून निमाणीच्या स्टँडवर सोडायला सांगितलं. इस्त्रीची साडी, खांद्याला घड्याळ, हातात पिशवी नाही. पेठची गाडी लागलेली होती.

“पेठला काय काम काढलंत?”

“काही नाही.” चढता चढता त्या थांबल्या. “लग्नाला एवढी वर्षं झाली, त्यांच्या गाडीत मी एकदाही बसले नाही गं. त्यांची ड्यूटी सुटायची तेव्हा माझी लागायची.”

“पण आता...” मी म्हणाले.

त्या ड्रायव्हरच्या पाठीमागच्या बाकावर जाऊन बसल्या. कंडक्टरनं घंटी दिली. सिस्टर पुढं वाकल्या आणि जाळीतून ड्रायव्हरला काहीतरी म्हणाल्या. इंजिनाच्या आवाजात मला शेवटचं ‘मागे’ एवढंच ऐकू आलं. तरुण मुलगा होता. त्यानं वळून त्यांच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि काहीतरी विचारलं. सिस्टरांनी मान हलवली आणि हातानंच पुढचा रस्ता दाखवला, निघा म्हणून.

गाडी निघाली. त्या काय म्हणाल्या ते मी त्यांना कधी विचारलं नाही.